लिम्फोमा निघाला, मग उपचार लगेच का सुरू होत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे. मानेतली गाठ दोन महिन्यांत वाढली. सुईच्या तपासणीत लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरची, शंका आली, म्हणून आख्खी गाठ काढली. पहिल्या रिपोर्टात 'लिम्फोमा, आयएचसी करावे' एवढंच लिहिलंय. आता आयएचसीची, म्हणजे पेशींवरची प्रथिनं रंगाने ओळखण्याच्या तपासणीची, वाट बघायची, मग पेट स्कॅन, हृदयाची इको, हिपॅटायटिसची तपासणी. दोन आठवडे झाले तरी एकही इंजेक्शन मिळालेलं नाही. नात्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना तर लिम्फोमा असून चार वर्षं औषधच दिलेलं नाही. इतकी वर्षं संशोधन होऊनही या आजाराचा एक ठरलेला उपचार का नाही?

तुमची घालमेल समजते. घरच्या माणसाला कॅन्सर आहे हे कळल्यावर औषधाविना गेलेला दिवस म्हणजे आपला हलगर्जीपणा, असंच वाटत राहतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लिम्फोमाच्या स्लाइड वाचणं आणि त्याच पेशींवर संशोधन करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सरळ उत्तर आधी देते. ठरलेले उपचार आहेत आणि त्यातले बरेचसे चांगले आहेत. मात्र डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचा उपचार वेगळा, हॉजकिनचा वेगळा, मॅन्टल सेलचा वेगळा, बर्किटचा तर अगदीच वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात असे डझनावारी प्रकार आहेत. काही दोन दिवसांत दुप्पट होतात, काही दहा वर्षं जागचे हलत नाहीत. तुमच्या वडिलांचा त्यातला कुठला, हे ठरल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. बहुतेक लिम्फोमांत निदान पक्कं करण्यात गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनी निकाल बदलत नाही. चुकीच्या नावावर सुरू केलेल्या औषधाने मात्र बदलतो. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

आधी हे निदान इतकं अवघड का, ते सांगते. आतड्याची पेशी यकृतात सापडली तर ती तिथली नाही हे लगेच कळतं. लिम्फोसाइट ही रक्तातून, ग्रंथींतून, त्वचेतून, पोटातून सतत फिरणारी पेशी आहे. ती कुठेही सापडली तरी तिथली वाटते. त्यात संसर्ग झाला की तिने भराभर वाढावं हेच तिचं काम. साध्या विषाणूच्या तापात सुजलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली इतकी भयंकर दिसू शकते की नवख्या डोळ्यांना कॅन्सर वाटावा, आणि संथ लिम्फोमाच्या पेशी इतक्या निरागस दिसतात की साधी सूज वाटावी. त्यामुळे एकेक पेशी बघून भागत नाही. ग्रंथीची रचना बघावी लागते: कप्पे जागेवर आहेत का, त्यांच्याभोवतीचं कडं शाबूत आहे का, पेशी बाहेरचं आवरण फोडून चरबीत शिरल्यात का. सुई पेशी शोषून आणते आणि रचना तिथेच राहते. विटांच्या ढिगावरून वाड्याचा नकाशा सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून सुईच्या तपासणीवर 'शंका' एवढंच लिहिता येतं. तुमच्या डॉक्टरांनी पूर्ण गाठ काढायला लावली ती अगदी योग्य गोष्ट केली. गाठ छातीत किंवा पोटात खोल असेल आणि काढता येत नसेल तर जाड सुईने अनेक तुकडे घेतात, तेही चालतं. पण मानेत, काखेत हाताला लागणारी गाठ असताना ती पूर्ण काढणं हाच चांगला मार्ग.

खरा वेळ वाया जातो तो वेगळ्याच ठिकाणी. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, घटणारं वजन आणि मानेत गाठ, ही लक्षणं क्षयरोगाची आहेत आणि लिम्फोमाचीही. जिथे क्षयरोग जास्त, तिथे अशी गाठ दिसली की कधी कधी तुकडा न तपासताच क्षयाची औषधं सुरू होतात. दोन महिने, चार महिने जातात, गाठ वाढत जाते. भर म्हणजे हॉजकिन लिम्फोमात क्षयासारखे पेशींचे पुंजके, ग्रॅन्युलोमा, दिसू शकतात. नेमका तेवढाच भाग सुईत आला तर रिपोर्टही फसवतो. मला या उशिराचं दुःख आणि राग दोन्ही आहे, कारण तो टाळता येतो. क्षयाच्या औषधांवर गाठ वाढतेय किंवा दीड-दोन महिन्यांत हलतही नाही, तर बायोप्सी मागा.

आता गाठ काढल्यानंतर काय होतं ते बघा, म्हणजे दिवस कुठे जातात ते कळेल. उत्तम व्यवस्था असेल तर गाठ ताजी, ओलसर अशी लॅबमध्ये येते. मी ती मधोमध कापते. निरोगी ग्रंथीचा छेद करडा आणि थोडा रेषारेषांचा असतो; लिम्फोमात बहुतेकदा तो पांढुरका, एकसारखा, फुगून वर आलेला दिसतो. काचेची पट्टी त्यावर हलकेच टेकवून ठसा घेते. मग वाटणी. एक तुकडा सलाइनमध्ये, कल्चरला आणि क्षयाच्या जनुकीय तपासणीला. एक तुकडा जिवंत पेशी टिकवणाऱ्या द्रवात, फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे सुट्या पेशींवरची प्रथिनं यंत्राने मोजण्यासाठी. उरलेली गाठ दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ कापांत फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मेलिन आत शिरायला वेळ घेतं, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. आख्खी गाठ न कापता छोट्या बाटलीत कोंबून पाठवली तर कडा टिकतात आणि मधला भाग कुजायला लागतो. अशा गाठीवर पुढचे सगळे रंग फिके किंवा खोटे येतात. आणि सगळीच गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडवली तर त्यावर जंतूंचं कल्चरही होत नाही आणि फ्लो सायटोमेट्रीही. निदान बिघडण्याची सुरुवात अनेकदा सूक्ष्मदर्शकाच्या किती तरी आधी, या बाटलीत होते. म्हणून बायोप्सीच्या आदल्या दिवशी सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलले आहेत का, हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

रात्रभर फॉर्मेलिन, मग मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून निळा-गुलाबी रंग देतात. तुमच्या हातातला पहिला रिपोर्ट इथवरचा आहे. लिम्फोमा आहे हे ठरलं, कुठला ते पुढे ठरायचं आहे.

ते आयएचसीने, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने ठरतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात. एका विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी कापावर टाकायची. ती चिकटली की तिथे तपकिरी रंग येतो. समजा, स्लाइडवर मोठमोठ्या पेशी आहेत. सीडी२० तपकिरी आलं आणि सीडी३ आलं नाही, म्हणजे या बी पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या जातीच्या लिम्फोसाइट. मग सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१ या तिघांवरून त्या ग्रंथीतल्या कुठल्या टप्प्यावरच्या, याचा अंदाज. सायक्लिन डी१ आलं तर मॅन्टल सेलचा विचार. सीडी३० आणि सीडी१५ आलं आणि मोठ्या पेशी विरळ, विखुरलेल्या असल्या तर हॉजकिन. केआय-६७ सांगतं की शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत. बर्किटमध्ये हा आकडा शंभराच्या जवळ जातो. हे सगळे रंग एकदम करत नाहीत. पहिल्या पाच-सहा रंगांचं उत्तर बघून पुढचे कुठले करायचे ते ठरतं, आणि ब्लॉकमधला ऊतक मर्यादित असतो, तो जपून वापरावा लागतो. मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा निघाला तर एमवायसी आणि बीसीएल२ या जनुकांची तोडफोड झालीय का, ते फिश तपासणीने बघतात. दोन्ही तुटलेली असतील तर नेहमीची केमो अपुरी पडते आणि बरेच डॉक्टर जास्त कडक औषधयोजना निवडतात. तुमच्या रिपोर्टला लागणारे दिवस हे असे जातात.

इतक्या वर्षांच्या संशोधनाबद्दल तुम्ही विचारलंत. या आजाराच्या संशोधनाचा इतिहास हा बराचसा वेगवेगळे आजार एकमेकांपासून सोडवण्याचा इतिहास आहे, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण पहिलंच आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या सात रुग्णांचं वर्णन केलं. सगळं निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी केलेलं. पुढे त्या सातांतल्या काहींचा आजार आपण आज ज्याला हॉजकिन म्हणतो तोच असल्याचं दिसलं, पण सगळ्यांचा नव्हता. १८९८ मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये बाल्टिमोरला डोरोथी रीड यांनी या आजारातल्या त्या वैशिष्ट्यपूर्ण प्रचंड पेशींचं नेमकं वर्णन केलं: दोन केंद्रकं, प्रत्येकात ठळक गडद ठिपका. गंमत वाटावी अशी अडचण पुढेच होती. ही पेशी येते कुठून, हे पुढची नव्वद वर्षं कोणाला सांगता येईना. कारण गाठीत या पेशी साधारण शंभरात एक असतात, बाकी सगळी जमलेली निरोगी गर्दी. गाठीचा लगदा करून तिचं जनुकीय परीक्षण केलं तर उत्तर त्या गर्दीचं यायचं. १९९४ मध्ये जर्मनीतल्या राल्फ क्यूपर्स, मार्टिन-लिओ हान्समान आणि क्लाउस राजेव्स्की यांच्या गटाने कापातून एकेक मोठी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेचून काढली आणि तिची अँटिबॉडी बनवणारी जनुकं वाचली. ती जनुकं फक्त बी पेशीत होते तशी जोडलेली निघाली. पहिल्या वर्णनाला तेव्हा १६२ वर्षं झाली होती.

ही माहिती कपाटात पडून राहिली नाही. या पेशी आपल्याभोवती जमलेल्या संरक्षक पेशींना पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाने गप्प करतात आणि त्या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात जादा प्रमाणात असतं, हे नंतर कळलं. तो संकेत तोडणारं निव्होलुमॅब हे औषध अनेक उपचार थकलेल्या २३ हॉजकिन रुग्णांना दिलं, तर २० जणांची गाठ लक्षणीय कमी झाली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. आज तेच औषध केमोबरोबर पहिल्या उपचारातही वापरतात.

वडिलांच्या वयाला आणि दोन महिन्यांत वाढलेल्या गाठीला डिफ्यूज लार्ज बी-सेल हा प्रकार जास्त संभवतो, कारण वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमांत तोच सर्वांत जास्त आढळतो. रिपोर्ट येईपर्यंत हा केवळ अंदाज आहे, तरी त्याच्या उपचाराची गोष्ट सांगते, कारण 'जास्त औषध म्हणजे जास्त गुण' हा समज तिने मोडला. १९७० च्या दशकात सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन ही चार औषधं एकत्र देण्याची चॉप पद्धत रुळली. मग सहा-सहा, आठ-आठ औषधांच्या योजना आल्या आणि एकेका केंद्रातून त्यांचे फार चांगले निकाल येऊ लागले. शेवटी अमेरिकेत ८९९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं चार गटांत विभागून चॉपची तीन नव्या योजनांशी तुलना केली. १९९३ मध्ये निकाल आला: जगण्यात फरक नाही, आणि औषधांमुळे झालेले मृत्यू चॉपमध्ये कमी. आधीचे चांगले निकाल बहुतांशी निवडक, धडधाकट रुग्णांमुळे आले होते. कोणी तुम्हाला एखाद्या ठिकाणच्या खास कडक केमोबद्दल सांगितलं तर तुलनात्मक चाचणी झालीय का, एवढं विचारा.

खरी उडी वेगळ्या बाजूने आली. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. त्या रीतीने आयएचसीचे रंग शक्य झाले आणि औषधही मिळालं. सीडी२० ला चिकटणारं रिटक्सिमॅब १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे तुमच्या वडिलांच्या स्लाइडवर जे तपकिरी कडं दिसण्याची आपण वाट बघतोय, त्याच प्रथिनाला सलाइनमधून गेलेलं औषध जाऊन धरतं. कडं आलंच नाही तर ते औषध देण्यात अर्थ नाही. आयएचसीआधी इंजेक्शन का नाही, याचं सर्वांत थेट उत्तर हे. ६० ते ८० वर्षांच्या ३९९ रुग्णांत बर्ट्रांड क्वाफिए यांच्या गटाने चॉप आणि रिटक्सिमॅबसह चॉप यांची तुलना केली; आजार पूर्ण मावळण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलं आणि आयुष्यही वाढलं. ही आर-चॉप योजना, २१ दिवसांनी एक अशा साधारण सहा सायकल, दहापैकी सुमारे सहा रुग्णांना कायमचं बरं करते.

उरलेल्या चारांसाठी माझ्यासारख्यांचं काम चालू आहे. २००० मध्ये ॲश अलिझादेह, लुई स्टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो जनुकांची हालचाल एकदम मोजून दाखवलं की सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसणाऱ्या या आजारात निदान दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांचा निकालही वेगळा लागतो. वाटलं होतं, आता वाईट गटाला नेमकं औषध जोडलं की झालं. बॉर्टेझोमिब जोडलं, लेनालिडोमाइड जोडलं, इब्रुटिनिब जोडलं. मोठ्या चाचण्यांत यातल्या एकानेही ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. २०२२ मध्ये व्हिन्क्रिस्टीनच्या जागी पोलाटुझुमॅब घातल्यावर दोन वर्षं आजार न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण ७०.२ वरून ७६.७ टक्के झालं. तोवर एकूण जगण्यात फरक दिसला नव्हता. मला ही सुधारणा खरी वाटते, पण सरसकट सगळ्यांना तेच हवं असं मी म्हणणार नाही. आर-चॉप मिळत असेल तर आपल्या माणसाला दुय्यम उपचार मिळतोय असं समजू नका.

तुमच्या नात्यातल्या गृहस्थांना बहुधा फॉलिक्युलर किंवा तसाच संथ लिम्फोमा असावा. तो औषधाने दबतो, सहसा मुळापासून जात नाही. त्रास नसलेल्या अशा ३०९ रुग्णांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली: अर्ध्यांना लगेच गोळ्या, अर्ध्यांवर नुसती देखरेख. सोळा वर्षं मागोवा घेतल्यावरही दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच निघालं. म्हणून गाठी छोट्या, रक्त व्यवस्थित, माणूस धडधाकट असेल तर डॉक्टर ठरावीक अंतराने तपासतात आणि औषध राखून ठेवतात. त्या गृहस्थांकडे दुर्लक्ष झालेलं नाही. मात्र एखादी गाठ अचानक भराभर वाढू लागली, ताप-घाम सुरू झाला, तर त्यांनी लगेच दाखवावं; संथ लिम्फोमाचं वेगवानात रूपांतर होऊ शकतं. टोकाचं उदाहरण जठराच्या माल्ट लिम्फोमाचं. हेलिकोबॅक्टर जंतूंमुळे होणारा हा लिम्फोमा नुसत्या अँटिबायोटिकनेही मावळतो, हे लंडनच्या पीटर आयझॅक्सन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं. आजही त्याचा पहिला उपचार तोच आहे. सरसकट केमो दिली असती तर या लोकांनी विनाकारण ती सोसली असती.

आता घाईचे प्रसंग, हे नीट वाचा. झोपल्यावर श्वास अडकणं, चेहरा आणि मान सुजणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गाठ श्वासनलिका, मोठी शीर किंवा मज्जारज्जू दाबत असू शकते. बर्किटची शंका असेल तरीही सगळी चक्रं दिवसांत नाही, तासांत फिरवावी लागतात. त्यात पेशी इतक्या वेगाने वाढतात आणि औषध लागताच इतक्या वेगाने फुटतात की त्यांतून निघालेलं युरिक ॲसिड आणि पोटॅशियम मूत्रपिंड आणि हृदय धोक्यात आणतं. म्हणून आधी सलाइन आणि युरिक ॲसिडची औषधं, मग केमो.

एवढा प्रसंग नसेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड घेऊ नका. भूक लागावी, सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सहज लिहिलं जातं. लिम्फोमाच्या पेशी त्याने मरतात, गाठ विरघळते, घरात आनंद होतो; आणि तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा त्यात मेलेल्या पेशी आणि साफसफाई करणाऱ्या पेशींशिवाय काही सापडत नाही. मेंदूतल्या लिम्फोमात हे फार घडतं. काही आठवड्यांनी गाठ परत येते आणि सगळं पहिल्यापासून. वडिलांनी बायोप्सीआधी कधी, किती दिवस स्टिरॉइड घेतलं असेल तर ते पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोहोचवा.

बाकी तपासण्या झटपट सांगते. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि आयुष्यभराच्या एकूण डोसला मर्यादा आहे, म्हणून इको. रिटक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला हिपॅटायटिस बी उसळून यकृत निकामी होऊ शकतं, म्हणून त्याची तपासणी. त्यात एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसीही झाली आहे का बघा, कारण नुसत्या पहिल्या तपासणीत जुना संसर्ग निसटतो. सापडला तर गोळ्या देऊन उपचार पुढे चालू ठेवता येतात. एलडीएच, युरिक ॲसिड, एचआयव्ही हे रक्तातून. तरुण रुग्ण असता तर पुढे मूल व्हावं म्हणून बीज जतन करण्याबद्दलही केमोआधी बोलायला हवं होतं.

पेट स्कॅनमध्ये आजार कुठवर पसरलाय ते दिसतं. इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. रिपोर्टवर 'स्टेज चार' लिहून आलं तर इतर कॅन्सरमधली चौथी अवस्था डोळ्यांसमोर आणू नका. लिम्फोसाइट मुळात फिरस्ती पेशी आहे. लिम्फोमा सापडतो तेव्हा तो अनेकदा बऱ्याच ठिकाणी असतोच, आणि चौथ्या अवस्थेतले हॉजकिन व डिफ्यूज लार्ज बी-सेलचे कितीतरी रुग्ण बरे होतात. दोन ते चार सायकलनंतर पुन्हा पेट करतात आणि गाठीची चमक एक ते पाच आकड्यांत लिहितात. ही पद्धत फ्रान्समधल्या डोव्हिल गावी २००९ च्या बैठकीत ठरली. चमक यकृताइतकी किंवा त्याहून कमी, म्हणजे एक ते तीन, तर समाधानकारक. चार किंवा पाच आलं तर चिंता, पण घाबरून लगेच औषध बदलायचं नाही, कारण संसर्ग आणि सूजही चमकते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट दुसरीकडे नेऊन उपयोग नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. फ्रान्समध्ये लिम्फोमाचं प्रत्येक निदान तज्ज्ञांकडून पुन्हा वाचून घेण्याची देशव्यापी व्यवस्था उभारली, तेव्हा जवळपास पाचात एका रुग्णाचं निदान बदललं आणि त्यातल्या बहुतेकांचा उपचारही बदलण्यासारखा होता. तुमच्या पॅथॉलॉजिस्टला यात अपमान वाटणार नाही. अवघड स्लाइड आम्ही स्वतःच एकमेकांना पाठवत असतो. आयएचसीचा रिपोर्ट आल्यावर त्यात लिम्फोमाचं पूर्ण नाव आहे का, केलेल्या रंगांची यादी आणि केआय-६७ दिलाय का, मोठ्या बी पेशींचा असेल तर फिशबद्दल काही लिहिलंय का, हे बघा. 'हाय ग्रेड लिम्फोमा, क्लिनिकल कोरिलेशन करावे' एवढ्याच ओळीवर केमो सुरू करू देऊ नका.

आणि उपचार संपून पेट स्वच्छ आला, की मग दर तीन महिन्यांनी स्कॅन काढायची गरज नसते. डिफ्यूज लार्ज बी-सेल परत उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि तेव्हा सहसा रुग्णालाच आधी कळतं: गाठ हाताला लागते, ताप येतो, वजन उतरतं. त्या वेळीही हाताशी उपाय आहेत. रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे लढणाऱ्या जातीच्या लिम्फोसाइट, काढून त्यांना लिम्फोमाच्या पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवून परत देण्याची कार-टी पद्धत २०१७ पासून वापरात आहे, आणि पहिल्या वर्षातच उलटलेल्या रुग्णांत ती जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली आहे. टी पेशी आणि लिम्फोमाची पेशी यांना एकत्र बांधणारी ग्लोफिटामॅबसारखी औषधंही आली आहेत. पण उलटल्यासारखं वाटलं तर आधी पुन्हा तुकडा घ्यायला सांगा. नवी गाठ संसर्गाची निघू शकते, दुसऱ्याच प्रकारच्या लिम्फोमाची निघू शकते, किंवा लिम्फोमा तोच असून त्याने सीडी२० टाकून दिलेलं असू शकतं. मग रिटक्सिमॅब आणि ग्लोफिटामॅब, जी दोन्ही सीडी२० लाच धरतात, निरुपयोगी होतात. त्या दिवशी तुलनेला जुना ब्लॉक लागेल, तेव्हा तो कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबरने ठेवलाय, ते वडिलांच्या फाइलवर आताच लिहून ठेवा.